गुढीपाडव्याची ती रात्र आठवली

आकाशातून जळत पडणाऱ्या वस्तूंवरच्या या लेखात उल्का आणि रॉकेटचे तुकडे यातला फरक एका ओळीत उरकलाय, म्हणून थोडी भर. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही नागपुरात गच्चीवर होतो. आकाशात तांबूस-पिवळ्या ठिणग्यांची अख्खी रांग सरकत होती, अगदी निवांत, वरातीसारखी! शेजारचे काका "उल्का, उल्का" ओरडत होते, पण मला तेव्हाच शंका आली. खरा अग्निगोल, म्हणजे खूप तेजस्वी उल्का, सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो आणि बहुतेकदा काही सेकंदांत संपतो. मोबाईल खिशातून काढेपर्यंत खेळ खलास. इथे लोकांनी आरामात व्हिडिओ काढले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची भलीमोठी रिंग सापडली. चिनी रॉकेटच्या एका टप्प्याचे ते तुकडे असावेत, असं जाणकारांनी सांगितलं.

आणखी एक, लेखात राहिलेलं: मोठा लखलखाट दिसला तर खिडकीशी धावू नका. २०१३ मध्ये रशियात चेल्याबिन्स्क शहराजवळ आकाशात मोठी उल्का फुटली, तेव्हा उजेडानंतर दोन-अडीच मिनिटांनी हवेचा धक्का शहरात पोचला. जखमी झालेल्या सुमारे दीड हजार लोकांपैकी बरेच जण फुटलेल्या काचांनी जखमी झाले होते.