उंबरठ्यावरचे लिंबू

आमच्या घरी आलेल्या पाहुण्याला पाण्याआधी बशी मिळते. बशी हातात आली की तो बिचारा आत चहा टाकला असावा अशा समजुतीने सरसावून बसतो, आणि मग त्याला सांगावे लागते की ही पेल्याखाली ठेवायची आहे, कारण टेबलाचा माथा संगमरवराचा आहे. साध्या पाण्याच्या बाबतीत आम्ही अजून सौम्य आहोत. सरबत असेल तर मात्र पेला ओठाला लागून पुन्हा बशीवर टेकेपर्यंत घरातले कोणीही पापणी लववत नाही, आणि अशा एकाग्रतेत सरबत पिण्याची सवय नसल्यामुळे पाहुण्याला हमखास ठसका लागतो.

या सदनिकेचे आधीचे मालक दगडाचे शौकीन होते. दिवाणखान्यात त्यांनी मकराण्याचा पांढरा संगमरवर घातला, त्याच्याच उरलेल्या लादीचे जेवणाचे टेबल करून घेतले, स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा बांधला, मागच्या गॅलरीत शहाबादी फरशी बसवली आणि खिडक्यांच्या कडांना व उंबरठ्याला ग्रॅनाइट लावले. राजस्थान, आंध्र आणि कर्नाटक एवढा प्रदेश आमच्या घरात अनवाणी फिरून होतो. घर विकताना ते अभिमानाने म्हणाले होते, “ताजमहालाचा दगड आहे हो हा!” ते खोटे नव्हते; ताजमहालाला आणि १९२१ साली खुल्या झालेल्या कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियललाही मकराण्याच्याच खाणींनी दगड पुरवला. त्या दोन्ही वास्तूंत कोणी रोज आमटी करत नाही, एवढे सांगायचे मात्र त्यांच्याकडून राहून गेले.

संगमरवर म्हणजे जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्यावर आम्लाचा थेंब पडला की तेवढ्या जागचा दगड विरघळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तिथली चकाकीही त्याच्याबरोबर जाते. जे मागे उरते तो डाग नसतो, तर झिजलेला पृष्ठभाग असतो, त्यामुळे तो कितीही पुसला तरी जात नाही. आता आपल्या स्वयंपाकाकडे पाहावे. वरणभातावर लिंबू, आमटीत चिंच, सोलकढीत आमसूल, उन्हाळ्यात कैरीचे पन्हे, एरवी टोमॅटोचे सार, आणि हे सगळे अंगी लागावे म्हणून शेवटी वाटीभर ताक. या स्वयंपाकाची आणि त्या दगडाची पत्रिका छत्तीसपैकी एकाही गुणावर जुळत नाही. लग्न मात्र आधीच्या मालकांनी लावून दिले आणि नांदवायची जबाबदारी आमच्यावर टाकून ते बाणेरला राहायला गेले.

टेबलावर पन्ह्याच्या पेल्याचे एक कडे आहे. समोरून पाहिल्यास काही दिसत नाही. सकाळी पूर्वेच्या खिडकीतून ऊन तिरपे येते तेव्हा गाल टेबलाला टेकवून एक डोळा मिटला की ते उमटते: बाहेरच्या बाजूला जाड, पेला जिथे किंचित उचलला गेला तिथे तुटलेले, आणि आतला गोल मात्र अजून आरशासारखा. हे पाहण्यासाठी सौभाग्यवती रोज सकाळी टेबलावर गाल ठेवते. पेला कोणाचा होता हे तिने त्या तुटलेल्या भागावरून ओळखले असून, माझ्या ज्या मावसभावाला पेला डावीकडे कलवून उचलण्याची सवय आहे त्याला आता आमच्याकडे फक्त पेढे मिळतात.

घरकामाला येणाऱ्या मावशींना हा सगळा प्रकार मान्य नाही. “दादा, दगड हाय त्यो. दगडाला काय व्हतंय?” असे त्या विचारतात, आणि त्यांच्या दृष्टीने त्यांचे बरोबरच आहे. त्या साताऱ्याकडच्या. सह्याद्रीच्या बाजूचा माणूस दगड म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काळा पाषाण असतो, ज्याच्या पाट्यावर पिढ्यान्पिढ्या चिंचेची चटणी वाटली गेली आणि पाट्याला त्याचे काही वाटले नाही. फार तर गुळगुळीत झाल्यावर त्याला टाकी लावून घ्यावी लागली. त्या दगडावरच्या रेघेचा आपल्याकडे केवढा दरारा! पांढऱ्या दगडावर तीच रेघ चपलेखालच्या रेतीने उमटते. दगडांचा कठीणपणा मोजणाऱ्या ‘मोस’ नावाच्या मापनात संगमरवरातले कॅल्साइट तिसऱ्या पायरीवर आणि रेतीतले क्वार्ट्झ सातव्या पायरीवर, त्यामुळे फरशी आधी मऊ झाडूने कोरडी झाडावी आणि मगच ओल्या फडक्याने पुसावी, नाहीतर आपण ती पुसत नसून घासत असतो. हे मी मावशींना पायऱ्यांसकट समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी, माझी समजूत पटावी म्हणून, न्हाणीघरातली फरशी-अ‍ॅसिडची बाटली घेऊन त्या दिवाणखान्यात आल्या. मी बाटलीसमोर आडवा झालो.

नातेवाइकांचे सल्ले याहून धोकादायक असतात, कारण ते फोनवरून येतात आणि त्यांच्यासमोर आडवे होता येत नाही. रोज कोणीतरी व्हिनेगरने, लिंबाच्या सालीने किंवा खाण्याच्या सोड्यात लिंबू पिळून घर उजळल्याची बातमी पाठवते. संगमरवराला लागतो तो आम्लही नसलेला आणि अल्कलीही नसलेला, पाण्यात चमचाभर घातलेला सौम्य साबण. इतका साधा उपाय कोणालाही पुढे पाठवावासा वाटत नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला करंडा कलंडला आणि ओल्या फरशीवर हळद सांडली. मावशींनी तत्परतेने धुण्याचा सोडा आणून चोळला, तर पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल झाला. हळदीला अल्कली लागली की ती लाल होते आणि कुंकूही पूर्वापार असेच करतात, हे शास्त्र मला ठाऊक होते. जमलेल्या बायकांनी मात्र हा शुभशकुन मानून त्या फरशीलाच नमस्कार केला. लाली धुऊन काढल्यावर खालचा पिवळेपणा जागच्या जागी होता. मग लेप लावणे आले. ताजमहालालाही १९९४ पासून अधूनमधून मुलतानी मातीचा लेप लावतात. तो वाळताना दगडातला मळ ओढून घेतो आणि मग धुऊन टाकतात. आम्ही त्या मातीत हायड्रोजन पेरॉक्साइड कालवून डागावर थापली, वर प्लॅस्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाने खाली पाहून आवाज उतरवला आणि काय झाले म्हणून विचारले. लेपाने बराच डाग गेला. उरलेल्यासाठी हळदीला ऊन सोसत नाही या तत्त्वाचा आधार घेऊन चिरंजीवांना खिडकीशी आरसा धरून बसवले, आणि परीक्षेच्या अभ्यासातून सुटका झाल्यामुळे त्यानेही सूर्य हलेल तसा आरसा हलवत शास्त्रावर अपार निष्ठा दाखवली.

तरीही दर काही वर्षांनी पॉलिश करावेच लागते, आणि तो अनुभव शत्रूलाही येऊ नये. पॉलिशवाले यंत्र, बादल्या आणि घासायचे खडे घेऊन येतात. आधी खरबरीत खडा, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक, आणि प्रत्येक खेपेला पाणी. त्या पाण्यात संगमरवराची भुकटी मिसळून दुधाळ राड तयार होते आणि ती उताराकडे जाते. आमच्या मजल्याचा उतार जिन्याकडे आहे हे त्याआधी कोणाला माहीत नव्हते; आता खालच्या दोन्ही मजल्यांना माहीत आहे. दिवाणखान्यातले सगळे सामान शयनगृहात रचले जाते, आणि सोफ्यावर ठेवलेल्या खुर्चीवर बसून, छताला डोके लागणार नाही अशा बेताने आपण पोळीभाजी खातो. यंत्राचा आवाज असा की घरातली माणसे एकमेकांशी खुणांनी बोलतात, आणि भांडणाला मात्र खुणा अपुऱ्या पडतात.

सगळ्यात शेवटी प्रमुख कारागिराने एक पांढरी भुकटी शिंपडली आणि त्यावरून यंत्र फिरवले. काय आहे म्हणून विचारले तर म्हणाला, “ऑक्सॅलिक अ‍ॅसिड.” ज्या वस्तूपायी आम्ही सख्ख्या नात्यातल्या माणसांना बशा दिल्या, ती आमच्यादेखत, आमच्याच पैशांनी, साऱ्या दिवाणखान्यावर पसरली जात होती. हातखंडा असलेल्या माणसाने बेताने वापरली की तिनेच चकाकी येते, असा खुलासा त्याने केला. वरून त्याने सीलरचा हात दिला आणि सांगितले की याने दगडाची छिद्रे भरतात, तेल आणि हळद लगेच आत शिरत नाही, पुसायला वेळ मिळतो.

“आणि लिंबू?” मी विचारले.

“लिंबाला सीलर काही करत नाही, साहेब,” तो गंभीरपणे म्हणाला. “लिंबू बंद करा.”

फरशी इतकी गुळगुळीत झाली की आई भिंत धरून चालू लागली. लिंबू बंद करणे मात्र आमच्या कुलाचाराबाहेरचे आहे. टेबल तर बादच होते. ओट्यावर पिळावे तर कडप्पा दिसायला काळा असला तरी तोही चुनखडकच. रात्री लिंबाची फोड उपडी राहिली तर सकाळी तिथे पांढुरका ठसा असतो आणि मावशी त्यावर खोबरेल चोळून वेळ निभावतात. शहाबादीही त्याच कुळातली. राहता राहिले ग्रॅनाइट. त्यातल्या क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारला लिंबूरस काही करू शकत नाही, पण खिडक्यांच्या कडांवर कुंड्या आहेत. म्हणून वरणभाताचे पान हातात घेऊन प्रत्येकाने दारापर्यंत जावे, उंबरठ्यावर लिंबू पिळावे आणि परत येऊन जेवावे, अशी घरात पद्धत पडली.

परवा अमावास्या होती, ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात नव्हती. संध्याकाळी मी दार उघडून उंबरठ्याशी उकिडवा बसलो होतो, समोर भाताची मूद आणि त्यावर पिवळे वरण, हातात सुरी आणि नुकतेच चिरलेले लिंबू, तोच लिफ्टचे दार उघडले आणि समोरच्या काकू बाहेर आल्या. त्यांनी मूद पाहिली, लिंबू पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि भिंतीला चिकटून, पाय न लावता येईल तेवढ्या लांबून, आपले घर गाठले. सकाळी त्यांच्या दारावर काळ्या दोऱ्यात ओवलेले लिंबू आणि मिरच्या लटकत होत्या. त्या टोचलेल्या लिंबाचा रस थेंबथेंब खाली गळतो. त्यांचा उंबरठा संगमरवरी आहे. त्यावर एक फिकट, निस्तेज ठिपका उमटला असून तो कशानेही पुसला जात नाही, आणि तो मीच पाडला याबद्दल आता सबंध मजल्याची खात्री पटली आहे.