व्हीलॅन इंटरफेसवरील ॲक्सेस लिस्टबाबत खुलासा

व्हीलॅनच्या (संगणकांना जोडणाऱ्या स्विच या उपकरणावर आखलेल्या वेगळ्या आभासी नेटवर्कच्या) इंटरफेसवर, म्हणजे त्या नेटवर्कमधून बाहेर जाण्याच्या दारावर, ॲक्सेस लिस्ट (कोणती पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, जाऊ द्यायची आणि कोणती अडवायची याची यादी) लावली की त्याच व्हीलॅनमधील दोन संगणकांचा आपसातील संपर्कही बंद होतो, हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. ही यादी राउट होऊन, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात पाठवली जाऊन, व्हीलॅनची हद्द ओलांडणारी (आणि खुद्द स्विचच्या पत्त्यावर येणारी) पॅकेट तपासते. एकाच व्हीलॅनमधील फ्रेम (पॅकेट वाहून नेणारा गठ्ठा) मात्र मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकावरून) थेट शेजारच्या पोर्टवर पोहोचवली जात असल्याने ती या इंटरफेसपर्यंत येतच नाही. संसर्ग झालेला संगणक अशा वेळी शेजारच्या यंत्राला सहज गाठू शकतो, म्हणून हा गैरसमज मला विशेष धोकादायक वाटतो. असा संपर्क रोखण्यासाठी यादी प्रत्यक्ष पोर्टवर लावावी किंवा, सिस्कोच्या स्विचवर सोय असल्यास, व्हीलॅन मॅप (व्हीलॅनच्या आतल्या रहदारीलाही लागू होणारी नियमयादी) वापरावा.