‘एक बिट गेला तर गेला’: प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया सविस्तर आहे, तेव्हा उत्तरही ऐसपैस देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ५जीमध्ये हार्कच्या (चुकलेला डेटा पुन्हा पाठवण्याच्या यंत्रणेच्या) पोचपावत्यांना तातडीच्या आणि साध्या अशा दोन रांगा लावणं हा फुकाचा खटाटोप आहे. ॲक (‘मिळालं’ ही पोचपावती) म्हणजे एक बिट, तो गेला तर गेला. शेड्यूलर (कोणी कधी काय पाठवायचं हे ठरवणारा बेस स्टेशनचा भाग) शहाणा असेल तर दोन पोचपावत्यांची टक्कर होणारच नाही. आणि झालीच, तर दोन्ही एकत्र पाठवायला कोणी अडवलंय?

टक्कर झाली तर साधी पोचपावती टाकून द्यावी हे तर मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीनं मानकाच्या रिलीज १६ या आवृत्तीत, म्हणजे २०२० मध्येच ठरवलं. डेटा कुठे आणि कधी येतोय हे फोनला सांगणाऱ्या डीसीआयमध्येच प्राधान्य कळवता येतं: ० म्हणजे साधं, १ म्हणजे तातडीचं. फोन दोन वेगळी कोडबुकं (पोचपावत्यांचे संच) तयार करतो आणि दोन्ही पाठवण्याच्या वेळा एकमेकींवर आल्या की साधी रद्द. ती पाठवायला सुरुवात झाली असेल तर मध्येच तोडायची. त्या क्षणापुरता हा निर्णय मलाही पटतो. तातडीच्या डेटासाठी उद्दिष्ट आहे ३२ बाइटचं पॅकेट १ मिलिसेकंदात, ९९.९९९ टक्के खात्रीनं पोचवण्याचं. तिथे नॅकच (‘नीट मिळालं नाही’ हा निरोप) उशिरा आला, तर पॅकेट पुन्हा पाठवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

माझं भांडण आहे ते ‘गेला तर गेला’शी. तो एक बिट कशाच्या वतीनं बोलतो ते बघा. १०० मेगाहर्ट्झचा कॅरियर (रेडिओ वाहिनी), सिग्नल उत्तम, २५६ क्वॅम (एका संकेतात जास्त बिट भरण्याची पद्धत), चार लेयर (एकाच वेळी जाणारे समांतर प्रवाह). अशा वेळी ०.५ मिलिसेकंदाच्या एका स्लॉटमध्ये (वेळेच्या तुकड्यात) जाणारा एकच ट्रान्सपोर्ट ब्लॉक, म्हणजे डेटाचा गठ्ठा, दहा लाख बिटांच्या पुढे जातो. आता टीडीडीतला (एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीनं पाठवण्या-घेण्यातला) नेहमीचा क्रम घ्या: तीन स्लॉट डाउनलिंक (फोनकडे), एक मिश्र, एक अपलिंक (फोनकडून). अडीच मिलिसेकंदांत पोचपावत्यांना खरी वाट मिळते ती त्या शेवटच्या स्लॉटमध्ये, त्यामुळे आधीच्या तीन-चार ब्लॉकच्या पोचपावत्या एकाच पीयूसीसीएचमध्ये (पोचपावत्या नेणाऱ्या अपलिंक वाहिनीत) कोंबल्या जातात. ती पीयूसीसीएच रद्द झाली की हवेत गेले चार बिट, पण टांगणीला लागले तीसेक लाख! त्यातले बहुतेक फोनकडे नीट पोचलेलेही असतील, पण बेस स्टेशनला ते कळायला मार्ग नाही. ते सगळं पुन्हा पाठवत बसलं, तर प्राधान्यानं वाचवलेली जागा भलत्याच ठिकाणी खर्च होते.

बिट सगळे सारखेही नसतात, हे जाता जाता. बेस स्टेशनच्या चाचणीच्या निकषांत ॲक हुकण्याला १ टक्का मुभा आहे, नॅक चुकून ॲक वाचला जाण्याला मात्र ०.१ टक्का. कारण उघड आहे. ॲक हुकला तर एक ब्लॉक उगाच पुन्हा जाईल. नॅकचा ॲक झाला तर डेटा हरवल्याचं हार्कला कळतच नाही. हार्कच्या वरच्या, डेटा पोचल्याची पुन्हा खात्री करू शकणाऱ्या आरएलसी थराच्या कधीतरी ते ध्यानात येतं, आणि तेही तो थर पोचपावतीच्या मोडमध्ये चालत असेल तरच.

शहाण्या शेड्यूलरबद्दल फार लिहीत नाही. साध्या डेटाची पोचपावती कुठल्या स्लॉटमध्ये द्यायची हे फोनला आधीच सांगून झालेलं असतं. तातडीचं पॅकेट त्यानंतर उपटतं आणि थांबायला तयार नसतं. शेड्यूलरला भविष्य दिसत नाही, दिलेला शब्द मागे घेता येत नाही, आणि वाट तर तीच एक.

दोन्ही एकत्र का नाही, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. सरळ एकाच कोडवर्डमध्ये (एकत्र कोड केलेल्या बिटांच्या संचात) सगळे बिट भरले तर सुक्याबरोबर ओलंही जळतं. समजा साध्या डेटाचा शेवटचा डीसीआय फोनला मिळालाच नाही. डीसीआयमधला मोजणीचा आकडा मधला गहाळ डीसीआय दाखवून देतो, शेवटचा नाही. त्याच्या पुढचं काही आलेलंच नसतं ना! फोन तीन बिट भरतो, बेस स्टेशन चार धरून डीकोड करायला जातं, आणि काहीच जुळत नाही. ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, तो तातडीचा ॲकही त्यात बुडतो. म्हणून २०२२ च्या रिलीज १७ मध्ये दोन्ही एकाच पीयूसीसीएचमध्ये घालायची सोय झाली, पण कोडिंग वेगवेगळं आणि कोड रेटही (चुकांपासून संरक्षण किती, हे प्रमाण) ज्याचा त्याचा. साध्याचा घोळ झाला तरी तातडीचं आपलं आपण वाचता येतं.

आणि तरीही पोचपावती टाकावीच लागली, तर बेस स्टेशन तीच पोचपावती नंतर पुन्हा मागू शकतं, हेही रिलीज १७ मध्येच आलं. ‘सगळ्या हार्क प्रोसेसची स्थिती एकदम सांग’ असं विचारायची सोय रिलीज १६ मध्ये होती, पण ती विनापरवाना स्पेक्ट्रमच्या गरजेतून आलेली. एका सेलमागे १६ प्रोसेस (एकाच वेळी पोचपावतीची वाट बघणारे ब्लॉक), त्यात एका फोनला सेल अनेक. चार बिटांच्या चौकशीला एवढं लांबलचक उत्तर परवडत नाही. माझ्या मते एकत्र पाठवण्यापेक्षाही ही पुन्हा मागण्याची सोय जास्त मोलाची आहे. लाखो बिटांचा ब्लॉक पुन्हा पाठवण्याऐवजी चार बिट पुन्हा मागवायचे, इतका साधा हिशेब.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याच बाजूला आहे. सेलच्या कडेला असलेला फोन आधीच २३ डीबीएम, म्हणजे जेमतेम २०० मिलिवॅटवर पूर्ण ताकद लावत असतो. तिथे साधे बिट सोबत घेतले की तीच ऊर्जा जास्त बिटांत वाटली जाते आणि तातडीच्या ॲकच्या वाट्याला कमी येते. एकत्र पाठवणं बेस स्टेशननं चालू केलं तरच चालू होतं. अशा फोनसाठी मी ते बंदच ठेवीन, साधी पोचपावती टाकू देईन आणि पुढच्या मोकळ्या अपलिंक स्लॉटमध्ये ती मागून घेईन.