थिबा पॉइंटवर हेगची गोष्ट

मी नेदरलँड्समधल्या हेगला राहतो, जिथे युद्धगुन्ह्यांचे आंतरराष्ट्रीय खटले चालतात. गणपतीत रत्नागिरीला गेलो होतो. आरती आटोपून आम्ही उकडीच्या मोदकांवर बसलो होतो, तेवढ्यात भाच्याने विषय काढला. कॉलेजात त्यांना युद्धगुन्ह्यांवरचा एक माहितीपट दाखवला होता. "मामा, तुमच्या त्या हेगला फक्त हरलेलेच कठड्यात उभे राहतात. आपण त्यात नाही तेच बरं. आणि फिल्ममुळे तुरुंगात जातं कोण?"

पहिल्या आरोपावर मी गप्पच बसलो. अमेरिका, रशिया, चीन यांपैकी कुणीच हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही. १९९८ साली रोममध्ये त्याच्या स्थापनेवर मतदान झालं तेव्हा १२० देश बाजूने होते, ७ विरोधात आणि २१ तटस्थ. आपण त्या तटस्थांत.

फिल्मवरून मात्र मी भांडलो. जुलै १९९५ मध्ये 'स्कॉर्पियन्स' नावाच्या सर्ब तुकडीने बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा गावच्या सहा मुसलमान कैद्यांना गोळ्या घातल्या आणि आपल्याच कॅमेऱ्यावर ते चित्रित करून ठेवलं. ती टेप पुढे सर्बियाची राजधानी बेलग्रेडच्या मानवाधिकार कार्यकर्त्या नताशा कांदिच यांच्या हाती लागली. १ जून २००५ ला हेगमधल्याच, युगोस्लाव्हियासाठीच्या वेगळ्या न्यायालयात, सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच याच्या खटल्यात ती दाखवली गेली. गंमत म्हणजे त्या दिवशी ती रीतसर पुरावा म्हणून दाखलही झाली नव्हती! पण सर्बियात ती टीव्हीवर लागली, बोस्नियात एका आईने त्यात आपला मुलगा ओळखला, लगोलग धरपकड झाली आणि २००७ मध्ये खुद्द बेलग्रेडच्या कोर्टाने चौघांना शिक्षा ठोठावली.

त्या टेपला ना पार्श्वसंगीत होतं, ना निवेदन. माहितीपटवाल्यांवर माझा राग आहे तो इथेच. व्हायोलिन लावून रडवतात आणि मूळ चित्रण कुठल्या हार्ड डिस्कवर पडलंय, ते त्यांनाच ठाऊक नसतं. बचावाचा वकील पहिलं विचारणार, हे कुणी टिपलं, कधी, आणि आधी-नंतरचं कापलेलं कुठाय?

संध्याकाळी पाय मोकळे करायला थिबा पॉइंटला गेलो. खाली भाट्याची खाडी. मी हेगमध्ये राहतो तिथून स्खेवेनिंगेनचा समुद्र जवळ आहे. त्याच वाळूच्या टेकड्यांत आंतरराष्ट्रीय आरोपींची कोठडी. (किनाऱ्यावर हेरिंग मासा कच्चाच खातात, कांदा लावून. आईला हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं!) समुद्राकाठी कैदी ठेवायचं कौतुक रत्नागिरीकरांना नाही. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि मग इथे आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याच्या राज्यारोहणानंतर राजघराण्यातल्या कित्येकांची कत्तल झाली होती. तिचा खटला झाला नाही, इंग्रजांच्या चढाईचाही नाही. राजाला वकील नाही, आरोपपत्र नाही, सुटकेची तारीख नाही. स्खेवेनिंगेनच्या कैद्याला हे सगळं मिळतं, आणि मला तो फरक मोठा वाटतो.

भाचा म्हणाला, "पण तेव्हा हेगचं कोर्ट असतं, तर इंग्रज उभे राहिले असते तिथे?"

"नाही."

"मग?"

"मग काय, टेप जपून ठेवायची," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही.