ऋण एक म्हणजे हो

‘ॲक्सेसचा डेटाबेस सर्व्हरवर टाकायचाय’ (म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या छोट्या प्रोग्राममधून त्यांच्याच मोठ्या एसक्यूएल सर्व्हरवर) हे वाक्य मीटिंगमध्ये फार छोटं वाटतं. टेबलं तर निमूट जातातही. खरा तमाशा क्वेऱ्यांमधल्या, म्हणजे डेटाला विचारायच्या प्रश्नांमधल्या, फंक्शनांचा.

रिकाम्या जागी दुसरी किंमत भरणारा एनझेड दिसताच एसक्यूएल सर्व्हर ‘हा कोण?’ म्हणून अंगावर येतो. मजकुराचा तुकडा काढणाऱ्या मिडचंही तेच. पण ही मंडळी मला आवडतात, तोंडावर भांडतात. एकाच्या जागी कोअलेस, दुसऱ्याच्या जागी सबस्ट्रिंग घातलं, मिटलं.

बेरकी ते, जे बिनतक्रार चालतात. शब्द वाक्यात कुठे आहे ते सांगणाऱ्या इन्स्ट्रला आधी वाक्य द्यायचं, मग शोधायचा शब्द. त्याच्या जागी सर्व्हरवर येणाऱ्या चारइंडेक्सला नेमकं उलट. क्रम बदलायचा राहिला तरी तो चिडत नाही, शांतपणे शून्य, म्हणजे ‘सापडला नाही’, देतो. पाच भागिले दोन ॲक्सेसमध्ये अडीच, इथे दोन्ही पूर्णांक असले की दोन. अर्ध्याचा हिशोब मागायचा नाही.

आकड्याचा पूर्णांक करणाऱ्या सीइंटची तर कमालच. ॲक्सेसमध्ये तो 3.5 चे 4 करतो. त्याच्या जागी बसवलेला कास्ट अपूर्णांक सरळ छाटून 3 म्हणतो. मात्र 2.5 वर दोघांचंही 2 वर एकमत, कारण सीइंट अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे ढकलतो. आणि चाचणी करणाऱ्याला (तो आमच्याकडचा असो वा कुठलाही) उदाहरण म्हणून 2.5 च सुचतो!

पण माझा खरा राग ऋण एकवर. ॲक्सेसमध्ये ‘हो’ म्हणजे -1. का, असं विचारलं की जाणकार बिट-बिट करत बसतात. सर्व्हरच्या, हो-नाही साठवणाऱ्या बिट कॉलममध्ये ‘हो’ म्हणजे 1. जुन्या क्वेरीत कुणीतरी ‘भरले = -1’ लिहून ठेवलेलं असतं. ती विनाएरर चालते आणि जाहीर करते, की एकाही ग्राहकाने आजवर पैसे भरलेले नाहीत. त्यावर वसुली विभाग उत्साहाने फोन करायला बसतो.

तारखांचं थोडक्यात सांगतो: ॲक्सेसचा शून्य दिवस 30 डिसेंबर 1899, सर्व्हरच्या डेटटाइमचा 1 जानेवारी 1900. तारखा आकड्यांत साठवल्या असतील, तर सगळ्यांचे वाढदिवस दोन दिवस पुढे.

हे सगळं झालं तयार फंक्शनांचं. नोकरी सोडून गेलेल्या कुणीतरी घरगुती बनवलेलं एक आहे, ‘करूनबघू_नवीन_अंतिम2’. ते काय करतं हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नाही. काढलं की ताळेबंद जुळत नाही. म्हणून ते तेवढं ॲक्सेसमध्येच ठेवलंय, आणि मायग्रेशन पूर्ण झाल्याची मेल मी पाठवून दिलीय.