मोठ्या नावाचं कॉलेज, म्हणजे कर्ज आपोआप फिटतं?

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी हा मेसेज फिरतो: 'मुलांच्या शिक्षणात हात आखडू नका. कर्ज काढा, पण मोठ्या नावाच्याच विद्यापीठात घाला. कोटीचं पॅकेज मिळतं, दोन वर्षांत कर्ज फिटतं, नाव जन्मभर पुरतं.' मी बँकेत शैक्षणिक कर्जाचं काम बघते. हे वाचून गप्प बसवत नाही.

कोटीचं पॅकेज? आयआयटी मुंबईत 2023-24 ला कोटीच्या वरच्या ऑफर होत्या 22. सरासरी साडेतेवीस लाख, सगळ्यात कमी 4 लाख. ही आयआयटीची गत, बाकीच्यांचं काय सांगावं!

दोन वर्षांत फिटतं? खासगी अभिमत विद्यापीठ धरू. फी वर्षाला 5 लाख, चार वर्षं, व्याज 10 टक्के. शिकताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. सरळव्याजानेही ते 7 लाख होतं. वीसचे झाले सत्तावीस. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण 35,700 रुपये. पहिला पगार 40 हजार असेल तर खोलीभाडं कशातून देणार?

गेल्या जूनमध्ये एक वडील आले होते. घराचं खरेदीखत प्लास्टिकच्या पिशवीत, घडीवर चिरलेलं. तारण लागेल म्हटल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, पोरगं कमवायला लागेपर्यंत घराला हात लागत नाही ना?"

राहिलं नाव. अमेरिकेत स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या संशोधकांनी 2002 मध्ये दाखवलं, की मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळूनही कमी नावाच्या ठिकाणी शिकलेली मुलं पुढे कमाईत मागे पडली नाहीत. अपवाद गरीब घरच्या मुलांचा. त्यांना नावाचा फायदा झाला. म्हणून गरिबाच्या पोराने मोठं नाव सोडू नये, हे मला मनापासून पटतं. पण ते घर गहाण टाकूनच मिळतं असं कुणी सांगितलं? आयआयटीत घरचं उत्पन्न 1 लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे, 5 लाखांपर्यंत दोन तृतीयांश. पुण्याचं सीओईपी हे इंजिनीअरिंग कॉलेज 1854 चं, माटुंग्याचं व्हीजेटीआयही तसंच, 1887 चं. त्यांना होर्डिंगची गरज पडलेली नाही.

त्या वडिलांच्या मुलाला सरकारी कॉलेजही मिळत होतं, फक्त शाखा दुसरी. कर्जाचा फॉर्म देण्याआधी मी दोन्हीकडची फी आणि हप्ता एकाच कागदावर लिहून दिला. "आज घरी बसून बघा, उद्या या," म्हटलं.