उशी बडवून राग उतरत नाही

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: "मूल म्हणजे प्रेशर कुकर. राग आला की उशी बडवू द्या, कागद फाडू द्या, किंचाळू द्या. वाफ कोंडली तर एक दिवस स्फोट होईल." 'गप्प बस, नाहीतर फटका खाशील' यापेक्षा हे बरंच म्हणायचं. तरी सल्ला चुकीचाच.

आधी ती वाफ. राग आत साठत नाही. धडधडणारी छाती, तापलेले कान, आवळलेल्या मुठी ही भांडणासाठी शरीराने केलेली तयारी. कुणी डिवचलं नाही तर ती आपसूक ओसरते. उशी बडवताना ती चालूच राहते. २००२ मध्ये मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. चिडवणाऱ्याला मनात आणून ज्यांनी पंचिंग बॅग बडवली, ते सगळ्यांत जास्त चिडलेले निघाले. काहीच न करता बसलेले सगळ्यांत कमी आक्रमक.

"पण आमचा बडवून शांत होतो!" होणारच, तो दमतो आणि तेवढ्यात वेळही जातो. श्रेय मात्र उशीला मिळतं, आणि चिडलं की हात चालवायचा हेही तो शिकतो.

लहान मुलांचं वेगळं असेल? १९६६ मध्ये मॅलिक आणि मॅकँडलेस यांनी तिसरीतल्या मुलांवरच हे तपासलं. ठोकळे रचताना दुसऱ्या मुलाने मुद्दाम खोडा घातला. मग काहींना खेळण्यातली बंदूक चालवू दिली. त्याने सूडाची इच्छा कमी झाली नाही. 'तो दमलेला होता, वैतागला होता' एवढं ज्यांना समजावलं, त्यांची झाली. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही: राग कुणाचा, कशाचा, याबद्दल मुलाशी बोलणं.

स्फोटाची भीतीही फुकाची. न बडवणं म्हणजे दाबणं नव्हे. "तिने माझी पट्टी न विचारता घेतली, मला राग आला" हे सांगता येणं म्हणजे राग व्यक्त होणंच.

राहिला "पळायला पाठवा" हा सल्ला. २०२४ च्या १५४ अभ्यासांच्या आढाव्यात जॉगिंगने राग उलट वाढलेला दिसला, चेंडूच्या खेळांनी कमी झालेला. तेव्हा क्रिकेटला खुशाल पाठवा, मैदानाला फेऱ्या मारायला नको. सावकाश श्वास, स्नायू सैल सोडणं यांचा परिणाम मात्र ठामपणे दिसला.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला भर आकांतात यातलं काही समजावू नका. मारायला उठलेला हात धरा, आवाज खाली ठेवा, जवळ बसा. बोलणं नंतर, दूध पिताना.